बंदुकीचा कोणता भाग कोणाच्या हाती

१/
४ ऑक्टोबर १८५७. आजच्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, नांदूर शिंगोटे या गावाजवळ भिल्लांची एक तुकडी आणि कंपनी सरकारचे पोलीस समोरासमोर आले. या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भिल्लांचा नायक भागोजी नाईक हा एके काळी स्वतः पोलिसांत नोकरीस होता. पुढे त्याच सरकारने त्याला तुरुंगात धाडले आणि सुटून आल्यावर तो सरकारविरुद्ध उभा राहिला. नाशिक आणि नगरच्या डोंगराळ मुलखात त्याने दोन वर्षे इंग्रजांना झुंजवले. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरजवळच्या मिठसागरे येथे फ्रँक साउटरच्या तुकडीशी लढताना तो पडला.

२/
या प्रसंगाकडे बहुधा बंडाची एक नोंद म्हणून पाहिले जाते. शस्त्रांचा इतिहास वाचणाऱ्याला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ज्या माणसाला सरकारने आधी नोकरी दिली आणि मग तुरुंग दिला, तशा माणसाच्या हाती यापुढे कोणते शस्त्र द्यायचे? १८५७ नंतर हा प्रश्न लंडनपासून कलकत्त्यापर्यंत विचारला गेला. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते, तसेच ते बंदुकीच्या लोखंडात आणि लाकडातही सापडते. नळी, नेमाची पट्टी, बोल्ट, दस्ता आणि मॅगझीन हे रायफलचे पाच भाग. ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने निवडले, याची ही हकिगत.

३/
आधी थोडी शब्दांची ओळख. भिल्ल, रामोशी, कोळी यांच्याकडे त्या काळी तलवारी आणि तिरकमठे असत, तशाच तोड्याच्या बंदुकाही असत. तोडा म्हणजे पेटती वात. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, कानाशी रंजक म्हणजे बारीक दारू ठेवायची आणि चाप ओढला की जळता तोडा त्या रंजकेवर येऊन टेकायचा. ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द सह्याद्रीच्या खेड्यांतून आजही ऐकू येतो, तो याच कृतीवरून पडला. हत्यार साधे होते. गावचा लोहार ते दुरुस्त करू शकत असे. पावसात मात्र तोडा विझे आणि रंजक भिजे. नाशिकच्या घाटात चार महिने पाऊस कसा पडतो हे ठाऊक असणाऱ्याला या उणिवेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

४/
या बंदुकांची नळी बहुतेक आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान ठेवावी लागे, नाहीतर ती ठासता येत नसे. त्यामुळे सुटताना ती नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे आणि शेवटी ज्या बाजूला आदळली असेल त्यावर तिची दिशा ठरे. शंभर यार्डांपलीकडच्या एका माणसावर नेम धरणे हा बराचसा नशिबाचा भाग होता.

रायफलने हे बदलले. नळीच्या आत पेचदार खाचा कापल्या की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरत असेतो आरीवर सरळ उभा राहतो, तशी ती हवेत आपली दिशा राखते. ‘रायफल’ हे नावच या खाचांवरून आले. साधी बंदूक आणि रायफल यांतला मूळ फरक एवढाच, पण त्याने युद्धाची अंतरे बदलली.

५/
भाग पहिला: नळी.

१८५३ ची एन्फिल्ड रायफल ही ब्रिटिश पायदळाला सरसकट मिळालेली खऱ्या अर्थाने पहिली रायफल. नळीचा व्यास ०.५७७ इंच, आत तीन खाचा. तिची गोळी नळीत सहज उतरे आणि बार उडताना मागच्या बाजूने फुगून खाचांत घट्ट बसे. त्यामुळे ठासणी सोपी राहिली आणि नेमही साधला. एन्फिल्डच्या कारखान्यात अमेरिकेहून यंत्रे आणून तिचे भाग एकसारखे बनवण्यात आले. एका रायफलचा खटका दुसऱ्या रायफलला बसू लागला. रणांगणावर दोन मोडक्या बंदुकांतून एक चालू बंदूक तयार होऊ शकत होती. विश्वासार्हता म्हणतात ती याच गोष्टीतून सुरू होते.

याच रायफलच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ साली काय घडले, हे प्रत्येक शालेय पुस्तकात आहे. त्या बंदुकीचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते.

६/
उठाव शमल्यावर देशी पलटणींसाठी एन्फिल्डचा एक नवा नमुना काढण्यात आला. बाहेरून ती बंदूक तीच दिसे. आतली नळी मात्र ०.५७७ इंचावरून ०.६५६ इंचापर्यंत पोखरून रुंद केली होती. खाचा गेल्या. रायफल पुन्हा गुळगुळीत नळीची साधी बंदूक झाली.

क्षणभर थांबून या निर्णयाकडे पाहावे. कारागिरांचे सारे कौशल्य हत्याराचा नेम सुधारण्यासाठी वापरले जाते, अशी आपली समजूत असते. येथे तेच कौशल्य नेम बिघडवण्यासाठी वापरले गेले. शिपायाला बंदूक द्यायची होती, पण तीच बंदूक उद्या उलटली तर गोऱ्या पलटणीच्या रायफलसमोर ती अपुरी पडावी, अशी ही तजवीज होती.

त्याची शिक्षा त्या बंदुकीलाही भोगावी लागली. आतून पोखरल्यामुळे नळीची भिंत पातळ झाली. ती फुगे, संगिनीच्या वापराने वाके. अखेर जाड भिंतीची नळी नव्याने घडवावी लागली. अविश्वासापायी आधी नेम गेला आणि त्यापाठोपाठ टिकाऊपणाही गेला.

७/
भाग दुसरा: माशी आणि नेमाची पट्टी.

बंदुकीच्या तोंडाशी जो लहान उंचवटा असतो त्याला मराठीत माशी म्हणतात. डोळ्याजवळच्या मागच्या खाचेतून ती माशी पाहायची आणि लक्ष्याशी जुळवायची. पण गोळी सरळ रेषेत जात नाही. अंतर वाढेल तशी ती खाली येते, म्हणून दूरवर मारताना नळीचे तोंड थोडे उचलावे लागते. हे माप मागच्या पट्टीवर कोरलेले असते. मूळ एन्फिल्डवर अशी वर-खाली सरकणारी पट्टी होती आणि तिच्यावर सुमारे ९०० यार्डांपर्यंतचे आकडे होते.

देशी शिपायांच्या बंदुकीवरून ती पट्टी काढून तेथे एकच न हलणारी खाच बसवली गेली. ज्या नळीचा दूरवर नेमच नाही, तिला आकड्यांची पट्टी कशाला, असे तांत्रिक उत्तर कोणी देईल आणि ते खरेही आहे. तरी त्या पट्टीचा अर्थ तेवढाच नव्हता. सरकती पट्टी शिपायाकडून अंतराचा अंदाज मागते आणि त्याच्या निर्णयावर भरवसा ठेवते. अचल खाच त्याला फक्त समोर पाहून चाप ओढायला सांगते.

८/
पुढची काही दशके एक अलिखित शिरस्ता चालला. गोऱ्या सैन्याला नवे हत्यार मिळाले की त्याचे जुने हत्यार देशी सैन्याकडे यायचे. १८६० च्या दशकात मागून भरायची स्नायडर आली आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा स्नायडर हळूहळू देशी पलटणींकडे उतरली. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली, तेव्हा मार्टिनीची पाळी लागली. म्हणजे देशी शिपाई कायम एक पिढी मागे.

याच काळात, १८६९ साली, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. काडतूस हिंदुस्थानात बनू लागले. ते कोणत्या नळीतून सुटणार, हे मात्र दुसरीकडेच ठरत होते.

९/
लष्कराबाहेरच्या माणसासाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रारी होत राहिल्या. या तक्रारी करणाऱ्यांत सारेच काही शिकारी किंवा लढवय्ये नव्हते. वकील आणि अध्यापकही होते. त्यांचा आक्षेप शस्त्रापेक्षा त्या भेदावर अधिक होता. ज्या प्रजेवर राज्य करायचे तिच्याकडे जन्मतःच संशयाने पाहायचे, हे कायद्याने छापून जाहीर केले होते.

१०/
या कायद्याचा एक परिणाम नाशिकने जवळून पाहिला. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेला जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल विनायक सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

शस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने येथे एकच गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याला उघडपणे शस्त्र निवडता येत नाही, तो नेम, पल्ला, टिकाऊपणा या कसोट्या लावू शकत नाही. त्याच्यासाठी एकच कसोटी उरते: लपवता येते की नाही. रायफल सामानात दडत नाही, पिस्तूल दडते. आणि पिस्तुलाचा पल्ला नाट्यगृहातल्या दोन खुर्च्यांमधल्या अंतराएवढाच धरावा लागतो.

११/
भाग तिसरा: बोल्ट.

आता त्या रायफलकडे वळावे, जिने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हिंदुस्थानच्या खांद्यावर राज्य केले. ली-एन्फिल्ड, म्हणजेच बोलीत ‘थ्री-नॉट-थ्री’. हे नाव ०.३०३ इंच या काडतुसाच्या मापावरून पडले.

तिच्या दुहेरी नावातच भागांच्या निवडीची कथा आहे. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला कारागीर. मागे-पुढे सरकणारा बोल्ट आणि खालून बसणारी मॅगझीन ही त्याची देणगी. नळीच्या खाचा आरंभी विल्यम मेटफर्डच्या होत्या. त्या उथळ आणि गोलसर असल्यामुळे काळ्या दारूची काजळी त्यांत साचत नसे. मग काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही बिनधुराची, पण अधिक तप्त दारू आली आणि मेटफर्डच्या खाचा भराभर झिजू लागल्या. तेव्हा एन्फिल्डच्या कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचा काढल्या. १८९५ मध्ये बोल्ट लीचाच राहिला, नळी मात्र बदलली आणि ली-मेटफर्डची ली-एन्फिल्ड झाली.

यातून एक धडा मिळतो. एखादा भाग स्वतंत्रपणे उत्तम असून भागत नाही. शेजारचा भाग बदलला की कालचा उत्तम भाग आज निकामी ठरतो.

१२/
बोअर युद्धाने आणखी एक निर्णय घ्यायला लावला. तोवर पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कडाबीन अशी विभागणी होती. दक्षिण आफ्रिकेत घोडेस्वारांना उतरून पायदळासारखे लढावे लागले आणि तेथे कडाबीन तोकडी पडली. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी दोघांसाठी मिळून एकच रायफल काढली गेली. तिची नळी जुन्या रायफलपेक्षा आखूड आणि कडाबिनीपेक्षा लांब, साधारण २५ इंचांची होती. सर्वांनी सर्व कामांना वापरावी अशी ही रायफल.

ब्रिटनमधील नेमबाजांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. नळी आखूड केल्याने नेम गेला, बोल्ट मागच्या बाजूने अडकत असल्याने तो जर्मन माउझरइतका ताठ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लक्ष्यफलकावरच्या वर्तुळांपुरते ते चूक नव्हते.

१३/
पण युद्ध लक्ष्यफलकावर होत नाही. कॅनडाने आपल्या सैन्यासाठी रॉस नावाची रायफल निवडली होती. नेमबाजीच्या स्पर्धांत तिचे नाव होते. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत, चिखलात आणि सततच्या माऱ्यात तिचा बोल्ट अडकू लागला. सैनिक बुटाच्या लाथांनी तो उघडू पाहत होते. अनेकांनी रॉस टाकून मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या. १९१६ मध्ये रॉस पायदळातून मागे घेतली गेली. दडून एकेक गोळी मारणाऱ्या निवडक नेमबाजांनी मात्र ती पुढेही वापरली.

लीचा बोल्ट थोडा ढिला होता आणि त्या ढिलेपणात चिखलाला जागा होती. त्याचा फेराही आखूड होता, त्यामुळे सराव झालेला सैनिक डोळा नेमावरून न हलवता पुढची गोळी भरू शकत असे. बोल्टचे पुढचे टोक वेगळे निघे, झीज झाली की तेवढेच बदलता येई. अचूकता आणि विश्वासार्हता या दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. एकीतले थोडे देऊन दुसरीतले थोडे घ्यावे लागते. ली-एन्फिल्डने हा सौदा शहाणपणाने केला.

१४/
१९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेलिस बंदरात उतरल्या. तेथे त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या नमुन्याच्या ली-एन्फिल्ड त्यांच्या हाती देण्यात आल्या. एक पिढी मागे राहण्याचा शिरस्ता गरजेपोटी एका बंदरावर मोडला. काही दिवसांत हे शिपाई खंदकात होते, हाती नवखी रायफल घेऊन.

दुसरीकडे मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या शरण गेल्या. १८५८ साली ज्यांच्या हाती खाचा असलेली नळी देणे धोक्याचे वाटले, त्यांच्याच नातवंडांच्या पिढीकडून साम्राज्य आता वाळवंटात आपले रक्षण करून घेत होते.

१५/
भाग चौथा: दस्ता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगालमधील ईशापूर येथे रायफलचा कारखाना उभा राहिला आणि ली-एन्फिल्ड हिंदुस्थानात बनू लागली. येथे लाकडाचा प्रश्न आला. ही रायफल तोंडापर्यंत लाकडात मढवलेली असते. त्यामुळे तापलेल्या नळीचा चटका हाताला बसत नाही. पण लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. सिन्नरच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसलेले लाकूड इगतपुरीच्या पावसात फुगते, नळीवर त्याचा दाब बदलतो आणि कालपर्यंत बरोबर असलेला नेम आज सरकतो. वारंवार बसणाऱ्या धक्क्याने लाकूड चिरते, ते वेगळेच.

ईशापूरच्या कारागिरांनी यावर साधा उपाय योजला. मॅगझीनच्या पुढे लाकडातून आडवा एक स्क्रू आरपार घातला, जेणेकरून लाकूड दुभंगू नये. जगभरचे जाणकार आजही त्या एका स्क्रूवरून हिंदुस्थानी रायफल ओळखतात. इतर सर्व भाग विलायतेतून ठरून आले होते. हा एक स्क्रू या मातीतल्या अनुभवाने सुचवलेला होता.

१६/
भाग पाचवा: मॅगझीन.

दहा गोळ्यांची मॅगझीन हे ली-एन्फिल्डचे वैशिष्ट्य. आरंभी तिच्यावर एक आडवी पत्ती असे. ती सरकवली की मॅगझीन बंद होई आणि सैनिकाला एकेक गोळी हातानेच भरावी लागे. सैनिक गोळ्या उधळेल ही भीती गोऱ्या शिपायाबद्दलही होती. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ती पत्ती निघून गेली.

हिंदुस्थानात मात्र उलटा प्रवासही झाला. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात ईशापूरमध्ये अनेक ली-एन्फिल्ड पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी बदलण्यात आल्या. नळीच्या खाचा काढून तिचा व्यास ०.४१० इंच केला. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. दहा गोळ्यांची रायफल एकबारी बंदूक झाली. ती जमावाच्या हाती पडली तरी लष्करी ०.३०३ काडतूस तिच्यात चालू नये, हाही हेतू होता. साठ-सत्तर वर्षांनी १८५८ चाच निर्णय पुन्हा घेतला गेला.

बंदूक हाताळण्याचे शिक्षण हिंदी मुलांना कोठे मिळावे, हा वादही त्याच काळातला. १९३७ साली डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केले. मुंजे यांच्या राजकारणाविषयी तेव्हाही तीव्र मतभेद होते आणि आजही आहेत. तथापि शाळकरी मुलांना लष्करी शिक्षण देण्यासाठी एका नेत्राचिकित्सकाला स्वतंत्र संस्था काढावीशी वाटली, यावरून निःशस्त्रीकरणाचा सल किती खोल होता, ते समजते.

१७/
स्वातंत्र्यानंतर निवडीचा अधिकार आपल्याकडे आला आणि त्याबरोबर जबाबदारीही. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान अजूनही थ्री-नॉट-थ्री घेऊन हिमालयात उभे होते. त्यानंतर ईशापूरने जुन्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल काढली. नवे काडतूस अधिक दाबाचे असल्याने पोलाद बदलले आणि मॅगझीनही बदलली. पुढच्या नमुन्यात नेमाच्या पट्टीवरचा २,००० मीटरांचा आकडा काढून ८०० मीटर केला गेला. एवढ्या अंतरावर एकटा सैनिक नेम धरतच नाही, हे त्यामागचे साधे सत्य होते.

पट्टी येथेही लहान झाली. पण १८५८ साली ती शिपायाच्या भीतीने काढली होती, येथे ती त्याच्या खऱ्या कामाला जुळवून घेण्यासाठी लहान केली. वस्तू तीच, हेतू निराळा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा दारूगोळा कारखानाही याच दशकातला, १९६४ चा.

१८/
पुढची मोठी निवड पुण्यात झाली. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने, म्हणजेच एआरडीईने, ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल घडवली. जगातल्या यशस्वी रायफलींमधून तिची अंगे घेतलेली दिसतात. वायूच्या दाबाने चालणारी मूळ रचना कलाश्निकोव्ह घराण्याची, वायूचे नियमन बेल्जियन फालच्या वळणाचे, डावीकडची ओढणी जर्मन वळणाची. कागदावर प्रत्येक भाग पारखलेला.

१९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनी तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या, पण डागाळलेले नाव पूर्ण धुतले गेले नाही. मेटफर्डच्या खाचांचा आणि रॉसच्या बोल्टचा धडा येथे पुन्हा समोर आला. उत्तम भागांची बेरीज म्हणजे उत्तम रायफल नव्हे. ते भाग एकमेकांशी, हवामानाशी आणि ते हाताळणाऱ्या थंडीने बधिर झालेल्या बोटांशी जुळावे लागतात.

१९/
२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती आणि समोर कलाश्निकोव्ह घेतलेले दहशतवादी होते. त्या रायफलीला नावे ठेवणे सोपे आहे. वस्तुतः ती आपल्या काळात आपल्या कामासाठी उत्तम हत्यार होती. दोष तिच्या बोल्टचा नव्हता. शतकभरापूर्वी खंदकासाठी निवडलेले हत्यार रेल्वे फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला पुरेसे आहे, असे गृहीत धरले गेले होते. परक्या सरकारने अविश्वासाने दुबळे हत्यार दिले होते. आपल्या सरकारने ते केवळ बदलले नाही. ज्याच्या हाती ते होते, त्याला या दोन कारणांतला फरक त्या रात्री कितीसा जाणवला असेल?

२०/
नाशिकला आज महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्याचे पोलीस अधिकारी तेथे घडतात. नांदूर शिंगोटे तेथून दूर नाही. भागोजी नाईकही एके काळी पोलीसच होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने एखाद्या संग्रहालयाच्या शस्त्रदालनात जुन्या बंदुकीसमोर उभे राहावे, तेव्हा नक्षी आणि लांबी पाहून पुढे सरकू नये. नळीच्या तोंडात डोकावून खाचा आहेत का ते पाहावे. नेमाची पट्टी सरकती आहे की एकाच जागी ठोकलेली, ते पाहावे. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा तर नाही ना, ते पाहावे. दस्त्यात आडवा स्क्रू दिसला तर तो कोणत्या कारखान्याचा, हे ओळखावे. सरकारी जाहीरनाम्यात प्रजेवरच्या विश्वासाची भाषा नेहमीच गोड असते. तो विश्वास प्रत्यक्षात किती यार्डांचा होता, हे त्या पट्टीवर कोरलेले असते.

(समाप्त)